सॉरीचा मास्तर

'सॉरी' या शब्दात मला हरवणारा अख्ख्या यॉर्कशायरमध्ये जन्मायचाय! 'जरा सरका' म्हणजे सॉरी, 'पुन्हा बोला' म्हणजे सॉरी, आणि 'तुम्ही शुद्ध गाढव आहात' हेसुद्धा सॉरीच! शेजारी राहायला आलेल्या हॉलंडच्या योस्टची शिकवणी मीच घेतली. हा माणूस काही नको असेल तर चक्क 'नको' म्हणतो! आईबापांनी काही वळणच लावलं नाही.

तशात आमच्या गावच्या भोपळा मंडळाचं अध्यक्षपद रिकामं झालं. गावच्या प्रदर्शनात पहिल्या नंबरचा भोपळा ठरवण्याचा मान अध्यक्षाचा! त्या खुर्चीवर माझा कधीचा डोळा होता. पण लगेच हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. दोनदा सॉरी म्हणून आढेवेढे घ्यायचे आणि तिसऱ्या आग्रहाला नाइलाजाने बसायचं, अशी आमची रीत.

सभा चालवायला कुणीच पुढे येईना, तेव्हा योस्ट उठला.

"विल्फ, अध्यक्ष व्हाल?"

"सॉरी, मला कुठलं जमतंय!" मी लाजून मान खाली घातली.

"बरं. दुसरं कोण?"

बरं?! माझी मान खालीच राहिली!

"तूच हो की," म्हातारा अल्बर्ट योस्टला म्हणाला.

"हो, आवडेल मला!"

झाला अध्यक्ष! मला रडूच यायचं बाकी होतं. माझी बायको डोरीन मात्र तरातरा त्याच्याकडे गेली.

"अरे बाबा, त्याला व्हायचं होतं! आमच्याकडे सॉरी म्हणजे अजून आग्रह करा!"

योस्टचा चेहरा पडला. "चुकलंच माझं! आता नाही चुकणार." आणि तो सभेकडे वळला. "एकच काम उरलंय. प्रदर्शनात सगळ्या गावाच्या कपबशा कोण धुणार? विल्फ, तुम्ही?"

"सॉरी, नाही."

"धुवा ना!"

"सॉरी! खरंच नको!"

"तुमच्याशिवाय आहे कोण?"

"सॉरी म्हणतोय ना, माणसा!" मी किंचाळलो.

टाळ्यांचा कडकडाट!

"किती विनयशील माणूस!" अल्बर्टने डोळे पुसले. आणि डोरीन? ती सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

बरं, सॉरी हं, फार बोलत बसता येत नाही. अजून बशा राहिल्यात.