नग एक, चालू स्थितीत

मुलांच्या मनातलं ऐकून घ्यायला शाळेत एक समुपदेशक नेमा, खर्च सरकार देईल, असं पत्र आलं. सोबतच्या अर्जात रकाने तीनच होते: इमारत, फर्निचर आणि साधने. मुख्याध्यापकांनी अर्ज उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"भाऊसाहेब, या समुपदेशकाला बसवायचं कुठल्या रकान्यात?"

शाळेचे कारकून भाऊसाहेब म्हणाले, "इमारतीत घातलं तर नकाशा मागतील. फर्निचरमध्ये घातलं तर तीन दुकानांचे भाव. साधनांत टाकू. गेल्या वर्षी पृथ्वीगोल तिथंच टाकला, निमूट मंजूर झाला."

"अहो, पण हे माणूस आहे!"

"सर, माणूस म्हटलं की फाईल अडते. वस्तू म्हटलं की सुटते. तीस वर्षं बघतोय."

त्यांनी लिहिलं, 'समुपदेशक, नग एक.' महिन्याभरात मंजुरी आली आणि पाठोपाठ मॅडमही आल्या.

नकाशांच्या खोलीत त्यांना दोन खुर्च्या मिळाल्या. मुलं आधी दाराआडून डोकावली, मग आत येऊन बसू लागली. पाचवीतल्या एका मुलीच्या पोटात गणिताच्या तासाला हटकून दुखायचं आणि ती घरी जायची. आता ती दहा मिनिटं मॅडमपाशी बसून वर्गात जायची. गणितं चुकतच होती, पण पोट गप्प होतं.

एके दिवशी भाऊसाहेब पांढरा रंग आणि ब्रश घेऊन आले. "मॅडम, हात पुढे करा."

"कशाला?"

"नंबर टाकायचाय. साधनाला नंबर लागतो. एकशे सतरा."

"खबरदार, जवळ आलात तर!"

शेवटी नंबर गळ्यातल्या कार्डावर लिहायचं ठरलं. पण साधन परवानगीशिवाय आवाराबाहेर नेता येत नव्हतं. म्हणून मुख्याध्यापक रोज पाच वाजता चिठ्ठीवर सही करू लागले: 'साधन क्रमांक ११७ रात्रीपुरते घरी नेण्यास हरकत नाही.' मॅडमच्या नवऱ्याने ती चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "मग मी काय, माल पोचला म्हणून सही देऊ?"

पुढे तपासणी लागली. नेमका त्याच दिवशी मॅडमचा घसा पार बसला होता. तपासनीस साहेबांनी तराजू पाहिला, पृथ्वीगोल फिरवला, हाडांच्या सांगाड्याची बोटं मोजली.

"एकशे सतरा?"

मॅडमनी नमस्कार केला.

"याचा उपयोग काय?"

"मुलांशी बोलतात, साहेब," मुख्याध्यापक म्हणाले.

"मग बोला."

मॅडमनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"नादुरुस्त," साहेब म्हणाले. "नादुरुस्त साधन यादीतून कमी, आणि खर्च बंद. नियम आहे."

"साहेब, दोन दिवसांत घसा बरा होईल हो!"

"पृथ्वीगोलाचा दांडा तुटला तर तो दोन दिवसांत बरा होतो का? आत्ता चालवून दाखवा, नाहीतर मी फुली मारतो."

दाराशी उभ्या असलेल्या पाचवीतल्या मुलीने पोट धरलं. ते मॅडमना दिसलं. त्यांनी खुर्ची ओढली, साहेबांना खुणेनं बसवलं आणि स्वतः समोर बसून त्यांच्याकडे शांतपणे पाहू लागल्या.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, छत पाहिलं, बूट पाहिले. "हे काय? नुसत्या बघताय काय?"

मॅडमनी मान हलवली.

"नाही, म्हणजे... घरीसुद्धा माझ्याकडे असं कुणी बघत नाही हल्ली."

मुख्याध्यापकांनी हळूच दार लोटलं. दीड तास आतून तुकडे ऐकू येत होते. "थोरल्या भावाने," "चार बदल्या," आणि मग मोठ्याने, "मी आणलेला कुत्रा, तोही बायकोच्याच पायाशी झोपतो!" पाठोपाठ नाक शिंकरल्याचा आवाज. साहेब बाहेर आले ते लाल डोळ्यांनी. वहीत लिहिलं, 'चालू स्थितीत. अत्यंत.'

आठ दिवसांनी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. 'साधन क्र. ११७ची कार्यालयास नितांत गरज असल्याने ते तातडीने पाठवावे. वाहतुकीत तडा जाऊ नये म्हणून भोवती पेंढा भरावा.'

मुख्याध्यापकांनी डोक्याला हात लावला. "वस्तू म्हटलं की सुटते ना, भाऊसाहेब? घ्या, सुटली! तुम्हीच साधनांत घातलंत, आता तुम्हीच निस्तरा."

भाऊसाहेबांनी दुपारचा डबा उघडला नाही, चहाला शिवले नाहीत. संध्याकाळी उत्तर लिहिलं: 'सदर साधन इमारतीत पक्के बसवले असून, काढल्यास इमारतीस धोका संभवतो.'

"हे धडधडीत खोटं आहे!"

"खोटं कुठं, सर? बातमी फुटल्यापासून ती पोरगी उंबऱ्यावर बसलीय, आणि तिच्यामागे आणखी अकरा. काढून बघा मॅडमना, शाळा उभी राहते का!"

मुख्याध्यापकांनी मुकाट्याने सही केली.

उत्तर आलं. 'धोका असल्यास साधन जागेवरच ठेवावे. मात्र त्याच्या स्थितीची समक्ष तपासणी दर गुरुवारी करण्यात येईल.'

गुरुवारी साहेब आले. सोबत कार्यालयातले तिघे होते, प्रत्येकाच्या काखेत फाईल. नकाशांच्या खोलीबाहेर मुलांच्या बुटक्या बाकावर चौघे गुडघे हनुवटीला टेकवून बसले. दार उघडताच साहेब लगबगीने उठले, तोच पाचवीतल्या मुलीने त्यांची बाही धरली.

"काका, माझा नंबर आहे."

"बाळ, सरकारी काम आहे हे."

"असू दे. माझं दहा मिनिटांत होतं. तुमचं लांबतं. मागच्या वेळी कुत्र्याचंच किती वेळ चाललं होतं!"

तिघांनी फायलींत तोंड खुपसलं. साहेब पुन्हा बाकावर टेकले.

"बरं, जा," ते हळूच म्हणाले. "पण लवकर आटप गं. आज मांजराचंही सांगायचंय."