वाफ्यावरचं ऊन

बागकामात मला कुणी शिकवावं अशी वेळ अजून आलेली नाही. निदान परवापर्यंत तरी आली नव्हती. ‘आधी जागा बघा, मग झाड निवडा’ हे वाक्य मी ऑफिसात ऐकवलंय, बँकेच्या रांगेत ऐकवलंय आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांना, तोंडात त्यांचा चिमटा असताना ऐकवलंय. ऊन किती, माती कशी, पाणी साचतं की निचरतं, हे पाहिल्याशिवाय रोपाला हात लावायचा नाही, हा आपला बाणा!

आमच्या घराच्या बाजूला, शेजारच्या कुंपणालगत एक लांबट वाफा आहे. सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले, ते बरोबर त्या वाफ्याच्या वर, माडीवरच्या कोपऱ्यातल्या खोलीत. मोजकं बोलणारा माणूस. दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून वाफ्याकडे बघत बसायचे. आणि वाफ्यात काय होतं? पिवळी पडून आडवी झालेली पातीच पाती! बिचाऱ्यांनी त्या उकिरड्याकडे किती दिवस बघायचं, असं मला वाटलं. बायको आठवडाभरासाठी बहिणीकडे गेली होती. ती यायच्या आत वाफ्याचं नंदनवन करायचं मी ठरवलं.

अर्थात शास्त्रशुद्ध पद्धतीनं. ऑफिसातून आलो की चहाचा कप घेऊन वाफ्यापाशी उभा राहायचो. रोज बघावं तर लख्ख ऊन! मग काय विचारता. भर उन्हात खुलणारी हंगामी फुलं घ्यायची. झिनिया आणि कॉसमॉस. लवकर येतात, दणकून फुलतात. रविवारी खुरपं घेऊन भिडलो.

“बाबा, बघाच आता तुमच्या खिडकीखाली काय रंग उधळतो ते,” मी ओरडून सांगितलं.

सासऱ्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. जरा वेळानं म्हणाले, “पाणी आणून देऊ का प्यायला?”

पात्यांखाली कांद्यांसारखे कंद निघाले. तेही उपटले, सगळं कचऱ्याच्या गाडीत घातलं आणि त्या जागी झिनिया-कॉसमॉसची विकत आणलेली रोपं लावली.

बायको परत आली, पिशवी हातात तशीच धरून वाफ्याकडे बघत राहिली आणि पायरीवर बसली. “अहो, आईच्या लिली होत्या त्या,” ती म्हणाली. “इथं राहायला येताना बाबांनी आईच्या आरशाखेरीज दुसरं काही आणलं नाही. ते कंद आणले. आणि तुम्ही कचऱ्यात दिलेत?”

लिली बहुवर्षायू असते. पानं वाळवून कंद काही महिने मातीत झोपतो आणि वेळ झाली की पुन्हा फुलतो. हे मला माहीत नव्हतं असं समजू नका, मी त्यावर लोकांना पिडलेलं आहे! फक्त समोर झोपलेली असताना मला ती ओळखता आली नाही. सासरे आतूनच म्हणाले, “जाऊ दे गं. वाळल्याच होत्या.” ते मला वाचवायला खोटं बोलताहेत हे कळलं आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं. निदान ही फुलं तरी त्यांच्या खिडकीखाली फुललीच पाहिजेत, एवढंच मग माझ्या डोक्यात राहिलं.

आणि नेमकं ऊन गायब झालं! आभाळ निरभ्र, पण वाफ्यावर सावली. रोपं काडीसारखी लांबायला लागली आणि माना टाकायला लागली. बरंच डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. कुंपणापलीकडच्या घरात निवृत्त मुख्याध्यापिकाबाई राहतात. त्यांच्या झोपायच्या खोलीच्या उघड्या तावदानावरून परावर्तित होऊन संध्याकाळचं ऊन माझ्या वाफ्यावर पडायचं. आता बाईंना सर्दी झाली होती आणि खिडकी बंद होती. म्हणजे मी जागेचा अभ्यास केला होता तो बाईंच्या खिडकीचा. वाफ्याला स्वतःचं ऊन कधी नव्हतंच. सावलीत सुखानं राहतील अशा त्या लिलीच होत्या.

मी तडक कुंपणापाशी गेलो. “बाई,” मी काकुळतीनं म्हणालो, “तुमच्या झोपायच्या खोलीची खिडकी पूर्वीसारखी उघडी ठेवाल का? ऑफिसातून आलो की मी रोज इथं उभा राहायचो. हल्ली फार अडचण होते.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी आपोआप ताठ उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी त्या खिडकीला जाड पडदा लागला. झिनियाचा उलगडा बायकोनं जाऊन केला, आणि घरी येऊन माझा उद्धार केला.

पण चमत्कार बघा! थोड्याच दिवसांत रोपं सावरली. एका झिनियाला चक्क कळी आली. हे माझ्या खताचं काम, असं मी जेवताना दोनदा सांगितलं. सासरे खाली मान घालून जेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. रोज सकाळी कुणीतरी आरशानं त्यांच्या खोलीत झोत मारतं. पडद्याच्या फटीतून थेट उशीवर! बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“मी नाही,” मी म्हणालो.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “मी बाईंकडे जाऊन सांगते, माझा नवरा बावळट असेल, पण तसला नाही.” आणि पायांत चपला अडकवून गेली. इतका विश्वास टाकल्यावर स्वस्थ कसं बसवणार? खिडकीतून कुणी दिसलं का, हे विचारायला मी सासऱ्यांच्या खोलीत गेलो.

सासरे दोन खिडक्यांच्या मधोमध उभे होते. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत येत होतं आणि सासूबाईंचा आरसा छातीशी धरून ते ऊन दुसऱ्या खिडकीतून खाली, माझ्या झिनियावर पाडत होते. हात थरथरला की उजेड कुंपणापलीकडे उडत होता.

“बाबा, हे काय? रोज?”

“कोवळी आहेत हो,” ते ओशाळून म्हणाले. “लावलीत एवढ्या हौसेनं, तर जगायला नकोत?”

“तुम्ही मला खणताना थांबवलं का नाही?”

“थांबवणार होतो. पण तुम्ही माझ्यासाठीच खणत होतात ना. तुमच्या सासूबाई गेल्यावर माझ्यासाठी कुणी एवढं घाम गाळून काही केलं नव्हतं. म्हटलं, खणू दे.”

माफी मागायची ती राहिलीच. मी पुढं होऊन आरसा त्यांच्या हातातून घेतला.

“थोडा खाली,” सासरे खुर्चीत बसत म्हणाले. “अजून डावीकडे. नाही नाही, फार गेला.”

फार गेला तो सरळ पलीकडे. पडदा सर्रकन बाजूला झाला. खिडकीत मुख्याध्यापिकाबाई होत्या आणि त्यांच्या शेजारी, माझी ग्वाही द्यायला गेलेली माझी बायको. झोत दोघींच्या बरोबर तोंडावर आणि आरसा माझ्या हातात!

मी आरसा खाली ठेवणार होतो, खरंच.

“हलू नका, जावईबापू,” सासरे म्हणाले. “आता कळीवर आणा हळूच.”

मग काय करता? त्या दोघींकडे बघून ओशाळं हसलो आणि ऊन हळूच कळीवर आणलं.