सोळा तक्रारींची जागा

चाकाच्या शोधानंतर माणसाला पुढे नेणारी एकच गोष्ट घडली आहे, आणि ती म्हणजे मेमरीची सुरक्षितता. प्रोग्रॅमनं आपल्या जागेत राहावं, शेजाऱ्याच्या जागेत पाय पसरू नयेत, आणि चूक झालीच तर चुकीचं काम रेटण्यापेक्षा प्रामाणिकपणे थांबावं, यातच संस्कृतीचं सार आहे. हा विचार नवऱ्यानं बायकोला ऐकवला, तेव्हा तो वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली टॉवेल अशा वेशात वॉशिंग मशीनसमोर उकिडवा बसला होता. पँट मशीनमध्ये होती. मशीन प्रामाणिकपणे थांबलं होतं.

मशीनचा प्रोग्रॅम त्याचाच. त्याच्या कंपनीच्या जुन्या मॉडेलचा प्रोग्रॅम जुन्या भाषेत होता. आपली जागा भरली की तो बिनदिक्कत शेजारी लिहायला लागायचा, आणि मग मशीनला आपण किती पाणी प्यायलो याचं भान उरायचं नाही. नवऱ्यानं वर्षभर खपून तो सगळा नव्या, सुरक्षित भाषेत लिहून काढला. आज समिती तो बघणार होती. पसंत पडला तर नवं मशीन बाजारात, नाहीतर नवरा पुन्हा जुन्याला ठिगळं लावायला. म्हणून याच मशीननं धुतलेली, वाळवलेली पँट घालून समितीसमोर उभं राहायचं, असं त्यानं ठरवलं. पँट आत टाकून तो आंघोळीला गेला आणि परत येतो तर हे. दुसऱ्या पँट नव्हत्या असं नाही. पण वर्षभर खुर्चीत बसून लिहिल्यावर त्यांच्या बटणांची आणि काजांची भेट होईनाशी झाली होती.

"बंद करून चालू कर," बायको म्हणाली.

ती इस्पितळांच्या नोंदणीच्या एका अवाढव्य ॲप्लिकेशनवर काम करायची. ते अख्खं वाचलेला कंपनीत एकच माणूस होता, आणि तो नोकरी सोडून गेला होता. ॲप्लिकेशन दिवसभर मेमरी खात सुटायचं आणि पहाटे आपोआप बंद होऊन ताजंतवानं उठायचं. याला तिच्या ऑफिसात देखभाल म्हणत.

"केलं ना. चालू होतं, तक्रारींची यादी वाचायला घेतं आणि परत थांबतं. सोळा तक्रारींची जागा ठेवलीय मी. सतरावी आली."

"कसल्या तक्रारी?"

"ते यादी उघडल्याशिवाय कळणार नाही. आणि यादी उघडली की ते थांबतं."

"पण सोळाच का?"

"सोळाच्या वर तक्रारी करायला ते काय तुझी..." इथे नवऱ्याचं लक्ष दाराकडे गेलं. दारात सासूबाई उभ्या होत्या. "...तुझं ते ॲप्लिकेशन आहे का?" त्यानं वाक्य सुरक्षित जागी उतरवलं.

"काय झालं, जावईबापू?"

"काही नाही, आई. मशीन थांबलंय. सुरक्षित आहे."

"ते आहे हो. तुमचं काय?"

नवऱ्यानं टॉवेलची गाठ आवळली.

"आमच्याकडे एक सर्व्हर पडला की दुसरा काम उचलतो," बायको म्हणाली. "पेशंटला पत्तासुद्धा लागत नाही."

"तुमचं काय, एकत्र कुटुंब. खोल्या भरून सर्व्हर. माझी चिप नखाएवढी, एकटा जीव. ती पडली तर तिला उचलणार कोण?"

"म्हणून पँट धरून बसायचं?"

"आत पाणी असेल तर? दार बंद ठेवणं हेच सुरक्षित. मीच तसं लिहिलंय." एवढ्यातही त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"उघड की मग पान्यानं."

"समितीचं सील आहे. तुटलं तर चाचणी बाद. लॅपटॉप जोडून यादी पुसायची, एवढा एकच मार्ग आहे."

"मग जोड."

नवऱ्यानं मशीनकडे बोट दाखवलं. धुरकट काचेच्या दारातून पँटचा एक पाय तेवढा दिसत होता, आणि त्याच्यावर फुगलेला खिसा.

"केबल खिशात आहे," तो म्हणाला.

बायको स्टुलावर बसली आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून हसली. सासूबाई हसल्या नाहीत. "आमच्याकडे बादली होती," त्या म्हणाल्या. "तिनं कधी कपडे अडवून धरले नाहीत."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. समिती येऊन बसली होती आणि बिस्किटं संपत आली होती. "सर, मशीन घरीच चाचणीवर आहे," नवरा म्हणाला, "इथूनच दाखवतो." लॅपटॉप बायकोच्या हातात दिला. "कमरेच्या वर धर," त्यानं कुजबुजून बजावलं.

पडद्यावर समितीच्या अध्यक्षीणबाई आल्या. शेजारी साहेब.

"हे बंद का आहे?" बाईंनी विचारलं.

खोटं बोलणं नवऱ्याला नव्या भाषेत जमेनासं झालं होतं. "चूक आढळली म्हणून थांबलंय, मॅडम."

साहेबांनी डोळे मिटले.

"माझ्या घरी तुमचं जुनं मॉडेल आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्याचीही चूक झाली. ते थांबलं नाही. खालच्या मजल्यावरची माणसं अजून माझ्याशी बोलत नाहीत. फरशी दाखवा."

कॅमेरा खाली जायचा तर वाटेत टॉवेल लागत होता. सासूबाईंनी प्रसंगावधान राखून जावयासमोर कपड्यांची टोपली धरली. कॅमेरा टोपलीवरून घसरत फरशीवर पोचला. फरशी ठणठणीत कोरडी होती.

"एक थेंबही नाही?"

"एक थेंबही नाही, मॅडम."

"मंजूर," बाई म्हणाल्या. "पण यादी भरली की काय करायचं, ते बघा."

"जुनी तक्रार पुसून नवी लिहायची," बायको लॅपटॉपमागून म्हणाली. "आम्ही तसंच करतो."

"संसारातही तसंच करतात," सासूबाई टोपलीमागून म्हणाल्या.

साहेबांनी डोळे उघडले.

संध्याकाळी ऑफिसातला एक सहकारी दुसरी केबल घेऊन आला. यादी पुसली गेली, दार खट्‌कन उघडलं. नवऱ्यानं आत हात घातला आणि तसाच थांबला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

त्यानं पँट बाहेर काढली. ती कोरडी होती. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. वरच्या खणात साबणाची पावडर होती तशीच होती. लॅपटॉपवर उतरलेल्या सतराही तक्रारी एकाच मजकुराच्या होत्या: पाणी येत नाही.

मशीनचा नळ आदल्या दिवशी नवऱ्यानंच बंद केला होता. सुरक्षितता म्हणून.