शिवाप्पा आणि वक्त्यांची नखं

व्याख्यान सुरू होण्याआधी शिवाप्पा वक्त्याची नखं बघायचे. स्वागताच्या निमित्ताने जवळ जायचे, पाहुण्यांचा हात हातात घ्यायचे आणि परत येऊन माझ्या कानात निकाल सांगायचे, "साफ हायत. ह्यानं खणलेलं न्हाई."

मी तेव्हा लातूरच्या एका व्याख्यानमालेचा चिटणीस होतो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दुष्काळ होता, नळाला पाणी नव्हतं, पण जिल्ह्याच्या गावाला शोभतील अशी व्याख्यानं हवीत म्हणून आम्ही प्राचीन संस्कृतीवर विद्वान बोलवत होतो. वक्त्याच्या टेबलावरचा तांब्या मी माझ्या घरून भरून आणायचो आणि तो अर्धा उरला तर परत न्यायचो.

शिवाप्पांचं रंगाचं दुकान होतं. नव्या कचेऱ्या रंगत होत्या, गिऱ्हाईक दारात उभं असायचं, आणि हे व्याख्यानाच्या दिवशी दुपारीच दुकान बंद करून पहिल्या रांगेत येऊन बसायचे. वक्ता सातवाहनांच्या व्यापारात रंगला की यांचा हात वर. "राजाचं राहू द्या. वरली माती कशानं काढली? कुदळ कुठं थांबवली?" वक्ते गडबडायचे. एका प्राध्यापकांनी तर भाषण अर्धवट टाकून चहाच मागितला. मला लाज वाटायची, रागही यायचा. एकदा त्यांना मागच्या रांगेत बसवलं, तर तिथून त्यांचा आवाज जास्तच मोठा आला.

शेवटी एक म्हातारे संशोधक आले. अप्पांनी नखं पाहिली आणि समाधानाने मान डोलावली. भाषण संपल्यावर त्यांनी पाहुण्यांना इतका वेळ धरून ठेवलं की मी वैतागून म्हणालो, "अप्पा, गाडी चुकेल त्यांची. तुम्हाला कुठला राजवाडा उकरायचाय?"

"बायकोला हलवायचंय," अप्पा म्हणाले.

जिल्हा झाला म्हणून शिवारातून नवा रस्ता निघाला होता आणि त्याची आखणी नेमकी त्यांच्या शेताच्या कोपऱ्यातून गेली होती. तिथं तीन वर्षांपूर्वी पार्वतीबाईंना समाधी दिली होती. रोलर यायच्या आत त्यांना वरच्या वावरात, त्यांच्या सासऱ्यांशेजारी न्यायचं होतं. मजूर कुदळी घेऊन तयार होते. अप्पाच कुणाला हात लावू देत नव्हते.

"आमच्यात माणूस बसवून पुरतेत, सर. कुदळ मारली तर आधी डोक्यालाच लागंल."

मला फार शरम वाटली. संशोधकांनी गाडीचा विचार सोडला, खुर्ची ओढून घेतली आणि खड्ड्याच्या कडेकडेने कसं उतरायचं ते कागदावर काढून दाखवलं. शेवटची वीतभर माती फक्त ब्रशने काढायची, कडक असली तर आधी थोडं पाणी शिंपडायचं.

आठवड्याने आम्ही शेतात गेलो. अप्पा, विधीसाठी आलेले स्वामी आणि मी. अप्पांनी दुकानातले सगळ्यात मऊ ब्रश आणले होते आणि टँकरच्या पाण्याची एक कळशी, दोन दिवस अंघोळ न करता वाचवलेली. मी घमेली उचलत होतो. जमीन दगडासारखी झाली होती. दुपारपर्यंत कंबरभर उतरलो, तेव्हा कुठे माती बदलली. अप्पांनी खुरपं बाजूला ठेवलं, ओंजळीने पाणी शिंपडलं आणि ब्रश टेकवण्याआधी अगदी खाली वाकले.

"पार्वती," ते हळूच म्हणाले, "भिऊ नगंस. मीच हाय."