वरच्या खोलीचा इन्व्हर्टर

प्रिय ईशान आणि मीरा,

डिसेंबरात तुम्ही पुण्याला याल तेव्हा शेजारच्या फाटकातून एक उंच, किडकिडीत गृहस्थ तुम्हाला हाक मारतील आणि नाव विचारायच्या आधी विचारतील, "भार किती?" घाबरू नका. ते तुमचं वजन विचारत नाहीत. तुमचे फोन, लॅपटॉप आणि मीराचं ते केस वाळवायचं यंत्र मिळून किती वीज खाणार, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं. हे आमचे वसंतराव. तुम्ही आलात की गडबडीत नीट ओळख करून देता यायची नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

धायरीत आमची दोन घरं एका भिंतीने जोडलेली आहेत. वसंतराव कारखान्यात देखभाल खात्यात होते. निवृत्तीनंतर इतर लोक फिरायला जातात, यांनी गच्चीवर सौर पॅनेल चढवली. पॅनेलची वीज बॅटरीत साठते आणि इन्व्हर्टर ती दिव्या-पंख्यांना चालेल अशी करून देतो, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच. एका इन्व्हर्टरवर त्यांचं सगळं घर चाललं असतं. पण त्यांनी दुसराही आणला, त्याला वेगळी बॅटरी जोडली आणि तो फक्त वरच्या खोलीला दिला. त्या खोलीत एक टेबल, एक दिवा, एक पंखा आणि इंटरनेटची डबी. राहणारं कुणी नाही.

खोली मुक्ताची. मुक्ता ही त्यांची एकुलती एक मुलगी, शहराच्या दुसऱ्या टोकाला उंच इमारतीत राहते. तिथे वीज गेली की जनरेटर आपोआप सुरू होतो. तिची आई गेली, त्यानंतर ती इथे राहायला आली होती. दुसऱ्याच दिवशी तिच्या कामाच्या मीटिंगमध्ये वीज गेली. "बाबा, इथे मला राहायला जमणार नाही," म्हणाली आणि बॅग भरून गेली. मग कधी रविवारी तासभर येऊन जायची. दुसऱ्या एखाद्या बापाने हे मनाला लावून घेतलं असतं. वसंतरावांनी तक्रार नोंदवून घेतली आणि कामाला लागले. वीज जाणार नाही अशी खोली केली की मुलगी राहायला येईल, इतका सरळ हिशेब.

त्यामुळे घरात वीज वापरण्याचे कायदे आले. त्यांच्याकडे काम करणाऱ्या शांताबाई एकदा स्वयंपाकघरातून ओरडल्या, "काका, मिक्सर लावू का?"

"ऊन आहे का?"

"चटणीत ऊन कशाला घालायचं?"

ढगाळ दिवशी वीज गेली आणि खालची बॅटरी संपली की स्वारी मेणबत्तीच्या उजेडात जेवायची. मी एकदा म्हटलं, "अहो, वर भरलेली बॅटरी आहे ना?"

"ती मुक्ताची आहे, वहिनी. आपण दुसऱ्याच्या ताटातलं घेतो का?"

जोडणी पुरी झाल्यावर चाचणी ठरली. मी इंग्रजीची शिक्षिका, म्हणून माझी निवड झाली. मला वर टेबलाशी बसवलं, समोर माझाच लॅपटॉप.

"आता मीटिंग करा."

"कुणाशी?"

"कुणाशीही. पण इंग्रजीत. मुक्ता इंग्रजीत करते."

मी भिंतीला आमच्या भिशीचा वार्षिक अहवाल इंग्रजीत सांगू लागले. वसंतरावांनी खाली मेन स्विच पाडला. दोन्ही इन्व्हर्टर एकदम किंचाळले आणि घर गप्प झालं. झालं होतं असं की वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते. वसंतरावांनी जाणाऱ्या तारा वेगळ्या घेतल्या होत्या, परतीची मात्र दोघांना मिळून एकच ठेवली होती, तिथे दोन्ही इन्व्हर्टर एकमेकांच्या आड येऊन बंद पडले. तीस वर्षं कारखाना सांभाळलेला माणूस! मी विचारलं तर म्हणाले, "घर एक आहे, म्हटलं परतायची वाटही एकच असू दे." मग स्वतःच भिंत फोडून दुसरी तार ओढली. पुन्हा मेन स्विच पडला आणि मी भिंतीला अहवालाचा उरलेला भाग ऐकवला. दिवा हलला नाही. खालून आवाज आला, "मीटिंग संपवा, वहिनी! भार काढा!"

त्यांनी मुक्ताला कळवलं, खोली तयार आहे. ती श्रावणात आली. खरं सांगायचं तर मला वाटलं, बापाचं मन राखायला आली.

चार दिवस सूर्य दिसला नव्हता. दुपारी आमच्याकडची वीज गेली. मी साबुदाण्याची खिचडी घेऊन शेजारी गेले तर खाली अंधार, पंखा बंद, फ्रिज बंद. वसंतराव जिन्याच्या पायरीवर बसलेले. आदल्या दिवशीच त्यांनी खालच्या पॅनेलच्या तारा काढून वरच्या बॅटरीला जोडल्या होत्या. वरून मुक्ताचा भराभर इंग्रजी बोलण्याचा आवाज येत होता.

"अहो, असे अंधारात..."

"हळू. मीटिंग आहे."

"वीज गेलीय हे तिला कळलं का?"

"नाही," ते म्हणाले. मुलगी बोर्डात पहिली आल्यासारखा चेहरा झाला होता.

तेवढ्यात मुक्ता पाणी घ्यायला खाली आली आणि जिन्यातच थबकली. मागे तिच्या खोलीचा उजेड, पुढे काळोख आणि त्यात पायरीवर बाप.

"बाबा, वीज कधी गेली?"

"झाला तास. तू जा, तुझी माणसं खोळंबतील."

ती गेली नाही. फोनवर कुणाला तरी, आज मला जमणार नाही, असं सांगून त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. वसंतराव कासावीस झाले. "अगं, बॅटरी भरपूर आहे! संध्याकाळपर्यंत पुरेल!"

"बाबा, विजेचं निमित्त होतं," ती म्हणाली. "आईशिवाय मला या घरात बसवत नव्हतं."

मी खिचडीचं पातेलं धरून तशीच उभी. वसंतरावांनी पायरीवर सरकून तिला आणखी जागा करून दिली. मग म्हणाले, "मलाही नाही बसवत." आणि जरा थांबून, "पण आधी सांगायचंस. दोन पॅनेल तरी कमी घेतली असती."

मुक्ता रडता रडता हसली. मग आम्ही तिघांनी तिथेच पायऱ्यांवर बसून खिचडी खाल्ली.

आता ती महिन्यातून एकदा येते, राहते आणि काम खाली जेवणाच्या टेबलावर बसून करते. मध्येच वीज गेली तर लॅपटॉप मिटते आणि बापलेक गप्पा मारत बसतात. वरचा इन्व्हर्टर अजून चालू आहे आणि त्यावर दुसरं काहीही लावलेलं नाही.

तुमची,
आजी