ह्या आवाजाला वजन हाय

आधी माफी मागतो. व्यक्तिचित्र मोठ्या माणसावर लिहायचं असतं, आणि लिहिणाऱ्याला थोडंफार लिहिता यावं लागतं. माझ्याकडे दोन्हीची वानवा आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे कुठं चुकलं तर सांगायलाही घरी कुणी नाही. आणि ज्याच्यावर लिहितोय तो उत्तम मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये साधा फिटर आहे. त्याला हे कळलं तर म्हणेल, "लेका, मी काय मेलोय का माझ्यावर लिहायला?" तरीही लिहितो. कारण पिठाच्या गिरणीसमोर डोळे मिटून, देवळात उभं राहावं तसा उभा राहणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हातात दळणाचा डबा नसतो. गिरणीवाल्या काकूंनी सुरुवातीला विचारलं, "काय रे, दळण कुठाय?"

"दळण न्हाई काकू. पट्टा ऐकायलोय."

काकूंनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि कामाला लागल्या. आता त्या त्याला बसायला स्टूल देतात.

उत्तमच्या मते जगात आवाज दोनच प्रकारचे. वजन असलेले आणि वजन नसलेले. थ्रेशर, बोअर पाडायची गाडी, स्टेशनात नुसतंच उभं राहून घुमणारं रेल्वेचं इंजिन, यांना वजन. प्रेमाची गाणी, भाषणं, मोबाइलची घंटी हे सगळं हलकं. "फुंकलं तर उडंल," असं म्हणून तो हातानं हवेतली माशी हाकलल्यासारखं करतो. एखादा आवाज आवडला की मात्र मान खाली घालून, हळूच, दुसऱ्या कुणाला कळू नये अशा बेतानं म्हणतो, "ह्याला वजन हाय."

माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात सगळी पोरं बँडपुढं नाचत होती. उत्तम मांडवामागं जनरेटरपाशी उलट्या क्रेटवर बसून, ताट मांडीवर घेऊन जेवत होता. नवरदेवाच्या मामांना वाटलं हा जनरेटरवालाच. त्यांनी त्याला चहा पाठवला, वर मांडवातली दोन झुंबरं बंद पडलीत ती बघ म्हणून दरडावलं. उत्तम गेला, झुंबरं चालू करून आला आणि राहिलेला भात संपवला.

त्याच्या फोनची रिंग म्हणजे जिनिंगचं मशीन सुरू होतानाचा आवाज. आधी लोखंड घासल्यासारखी खरखर, मग धडधड. एकदा आम्ही एसटीनं परभणीला निघालो होतो. फोन पिशवीत, पिशवी वरच्या फळीवर, आणि उत्तम झोपलेला. फोन वाजला. ड्रायव्हरनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तो आणि कंडक्टर खाली उतरले, झाकण उघडलं, निम्मी गाडी त्यांच्याभोवती जमली. उत्तमही जागा होऊन उतरला, सगळ्यांना सारून पुढं झाला आणि कान लावून म्हणाला, "इंजिन ठीक हाय साहेब. कायको खामखा टाइम घालवायले?" तेवढ्यात गाडीच्या आतून तोच आवाज पुन्हा आला. कंडक्टर जे बोलला ते मला इथं लिहिता येणार नाही. फोन उत्तमच्या आईचा होता. येताना कोथिंबीर आण म्हणत होत्या.

उत्तमच्या आईला मी मावशी म्हणतो, वडिलांना आबा. आबांनी त्याच जिनिंगमध्ये तीस वर्षं काढली. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनच्या रांगेत दिवसभर उभं राहायचं. चहूकडं रुईच रुई. पण कानात बोळा घालावा असं कुणाला वाटायचं नाही, घालणाऱ्याला लोक हसायचे. आबांचे कान हळूहळू गेले. पारावरची माणसं आधी त्यांच्याशी ओरडून बोलायची, मग खुणेनं, मग नुसतीच हसायची. आबांनी पारावर जाणं सोडलं. आता घरी टीव्ही बघतात, तोही आवाज बंद करून. म्हणतात, "मला काय त्याचं? तुमाला तरास कामून?"

दोन वर्षांपूर्वी उत्तमनं परभणीहून कानाचं मशीन आणलं. आम्ही सगळे जमलो. मशीन कानात बसवलं. मावशी वाकून म्हणाल्या, "ऐकू यायलंय का?" आबांनी सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं, हसले, मान डोलावली आणि म्हणाले, "लय छान. लय छान." मावशींनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

दोन दिवसांनी उत्तमच्या लक्षात आलं की मशीनमध्ये सेल घालायचा राहूनच गेलाय. त्यानं गुपचूप सेल घातला, मशीन पुन्हा आबांच्या कानात बसवलं. आबा म्हणाले, "लय छान." अगदी तसंच हसून.

हे त्यानं मला एकट्याला सांगितलं. त्यानंतर आठवडाभर तो गिरणीकडं फिरकला नाही.

पुढं त्यानं जिनिंगचा आवाज रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकला. पुण्याच्या एका मुलाचा निरोप आला की असं संगीतच असतं, त्याला इंडस्ट्रियल म्हणतात. पेटी-तबला नाही, लोखंड, ड्रिल, पत्र्यावरचे ठोके आणि मधूनच कुणीतरी जीव खाऊन ओरडतं. उत्तमनं मला ऐकवलं. मला वाटलं वाळूचा ट्रक उलटला. उत्तम मान खाली घालून बसला होता. मी समजलो.

त्या मुलानं पुढं लिहिलं होतं की हे कानापेक्षा अंगानं जास्त ऐकू येतं, एकदा कार्यक्रमाला या. उत्तमनं तो निरोप मला चार वेळा वाचायला लावला.

"कॉलेज, पुण्याला जायचं," तो म्हणाला. मी कॉलेजात जातो म्हणून तो मला नावानं हाक मारत नाही. "अंगानी ऐकू येत असंल तर आबाला बी येईल का न्हाई?"

"मग आबांनाच घेऊन जाऊ की."

"बिलकूल न्हाई. आदी मी बहिरा होऊन बगतो. तितं नेलं आन् आबा पुन्यांदा 'लय छान' म्हणले, तर मला सोसायचं न्हाई गड्या."

एका रविवारी उजाडता उजाडता निघालो. गाडी त्याच्या चुलतभावाची, शाळेच्या पोरांची पिवळी व्हॅन. सीटच्या पाठीवर बाराखडीचा तक्ता आणि पायाशी कुणाची तरी विसरलेली गुलाबी पाण्याची बाटली. मागचं दार खडखडत होतं. मी त्यात कागदाची घडी कोंबली. पाथरीच्या पुढं उत्तमनं गाडी थांबवली, उतरला आणि घडी काढून फेकून दिली. "कामून गप करतूस त्याला? बोलू दे की."

माजलगाव सोडल्यावर एक साखर कारखाना लागला. गाळप चालू होतं. उत्तमनं गाडी बाजूला घेतली आणि पंचवीस मिनिटं रस्त्यावर उभा राहिला. मी घड्याळ दाखवलं. "कार्यक्रम पाचला आहे, उत्तम."

"मंग ह्ये काय हाय? हा बी कार्यक्रमच हाय. ऐक."

मी ऐकलं. मला उसाच्या रसाचा वास आला, बाकी काही नाही. पण तो इतका खूश होता की मी मान डोलावली.

कार्यक्रम पुण्याच्या बाहेर, एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये होता. फाटकावरचा वॉचमन व्हॅनकडं बघून म्हणाला, "पोरं कुठंयत?" उत्तमनं माझ्याकडं बोट केलं. "येकच आलंय."

आत सगळेच काळ्या कपड्यांत. गळ्यात साखळ्या, पायात घोट्यावर येणारे बूट, एका मुलीचं अर्धं डोकं भादरलेलं. आणि उत्तम कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून, नव्या चपलांत. मला कुठं तोंड लपवावं कळेना. तो मात्र नाकात तीन रिंगा घातलेल्या, डोळ्यांत काजळ भरलेल्या एका उंच मुलाकडं सरळ चालत गेला. "राम राम. कुठले तुमी?"

"सांगली," तो मुलगा दचकून म्हणाला.

"आरं वा. लय लांबून आले. जेवले का?"

मावशींनी दशम्या आणि ठेचा बांधून दिला होता. तिथंच, सिमेंटच्या कठड्यावर, रुमालावर मांडला. सांगलीच्या मुलानं ठेचा भाजीसारखा भरपूर घेतला. त्याचं काजळ गालांवरून हनुवटीपर्यंत आलं, तरी दुसरी दशमी मागून घेतली.

मग सुरू झालं. त्या आवाजाचं वर्णन मला जमणार नाही. छताचे पत्रे थरथरले, आणि माझ्या कानांच्या आधी माझ्या दातांना ते कळलं. मी उत्तमकडं बघितलं. त्यानं खिशातून मानवतहून आणलेली रुई काढली, दोन घट्ट बोळे करून कानात कोंबले आणि वरून दस्ती गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारली. दाढदुखीच्या पेशंटसारखा दिसत होता. सांगलीचा मुलगा माझ्या कानात ओरडला, "एवढ्या लांबून येऊन हा कानात कापूस घालतोय?" त्या गोंगाटात त्याला काय समजावून सांगणार?

उत्तमनं चपला काढल्या. अनवाणी, माणसाएवढ्या उंच स्पीकरपाशी जाऊन उभा राहिला. एक तळवा स्पीकरवर, दुसरा छातीवर. डोळे मिटलेले. आजूबाजूला लोक उड्या मारत होते, त्याला धक्के लागत होते. तासभर तो जागचा हलला नाही.

संपल्यावर बाहेर येऊन व्हॅनच्या पायरीवर बसला आणि दस्ती सोडली. मी विचारलं, "काय झालं? कळलं का काही?"

"कानाला येकदम कमी. पण तळपायातून येतंय. गुडघ्याला येतंय, मग पोटात, मग हितं." त्यानं छातीच्या हाडावर बोट ठेवलं. मला वाटलं आता तो हसेल. हसला नाही. "पण मला ठावं हाय ना आवाज कसा असतो. मी मनानीच भरून घेतलं असंल तर?"

मी आत जाऊन त्याच्या चपला घेऊन आलो.

त्या पायात घालत तो म्हणाला, "समदे ओरडायलते, नाचायलते. येकमेकाला कायकाय सांगायलते. मी मधीच उभा आन् मला कोणाचंच काई कळंना. येक तास झाला तर जीव घाबरला माझा. आबा तर..." रुईचे बोळे मुठीत धरून बसून राहिला. परतीच्या वाटेवर एकही कारखाना ऐकायला तो थांबला नाही.

मला वाटलं विषय संपला. पण चार महिन्यांनी तीच मंडळी छत्रपती संभाजीनगरला येणार असं त्याला कळलं. त्यानं आबांना खुणेनं सांगितलं की एक नवीन मशीन बघायला जायचंय. मशीन म्हटल्यावर आबा पटका बांधून तयार झाले. मावशीही निघाल्या, कारण आबांना पथ्याचं लागतं. माझी परीक्षा होती. "झालं की फोन करतो," उत्तम म्हणाला.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मी लावला, तर बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. इतिहासाच्या पेपरला मी प्रश्नपत्रिका पुढं घेऊन बसलो आणि डोळ्यांसमोर सारखे आबाच येत होते, सगळ्यांच्या तोंडाकडं बघून हसणारे. उत्तम आता गिरणीसमोर कधी उभा राहणार नाही, अशी माझी खात्री होत चालली होती.

पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. मावशी होत्या, शेजारणीच्या फोनवरून.

"उत्तमचा फोन त्या गर्दीत कुटं पडला कोणाला ठावं. म्हणला कॉलेजला कळवा, ते वाट बगत असंल. पेपर गेला का चांगला?"

"गेला मावशी. आबांचं काय झालं?"

"काय व्हायचंय? पत्र्याच्या शेडात नेऊन उभं केलं आमाला. काय ते वाजायलतं बाबा, मी तर दोनी कान दाबून खाली बसले. आबा उगी उभे. उत्तम सारखं त्यांच्या तोंडाकडं बगायला. लय वेळ झाला. मग आबांनी तोंड वाकडं केलं, उत्तमचा दंड धरला आन् म्हणले, 'आरं, त्यायला म्हणावं जरा हळू वाजवा. लय मोठा हाय आवाज.'"

मी परीक्षेच्या हॉलच्या पायरीवर बसलो आणि फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"आन् हा तुझा दोस्त," मावशी म्हणाल्या, "येवढ्या माणसांत लेकरावाणी रडायला लागला. आता तूच सांग बाबा, तू शिकलेला हायस. आवाज कमी करा म्हणले, त्यात रडायसारखं काय हाय?"