पूर्ण मुखवट्याची बखर

श्री वेशीवरील गजानन साक्ष. ज्याने शून्य निर्मिले, आणि शून्यापुढे एक मांडोन संसार चालविला, आणि मनास येईल तेव्हां तो एक पुसोन टाकिला, त्या अंकनाथास दंडवत. शके एकोणीसशें चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, भाद्रपद मासीं या राज्यातील खालची पेठ पाण्याखाली गेली. पेठेत भोंगा होता, भोंग्यास यंत्र होते, यंत्रास तार होती, आणि तरी कोणास खबर लागली नाही, हे कैसे जाहले ते साद्यंत लिहोन आणावे ऐसी साहेबीं आज्ञा केली. आज्ञा प्रमाण. लिहिण्याने कोणी परत येत नाही हे साहेबांस ठाऊक आहे आणि सेवकासही ठाऊक आहे, परंतु बुडाल्यावर बखर लिहावी हा आमचा रिवाज जुना, तो चालवितो.

पूर्वी या राज्यात कचेरीकचेरीत आणि पेठोपेठी संगणक यंत्रे बसली, आणि हरएक यंत्रास आपला आयपी आकडा मिळाला, घरास घरनंबर असतो तैसा. आकड्याचे खण चार. पहिले तीन खण अवघ्या राज्यास एकच, आणि चौथा ज्याचा त्याचा, शून्यापासोन दोनशें पंचावन्नपर्यंत. सारी यंत्रे एकाच आवारात नांदत होती, आणि तेथील रीत ऐसी की, एकास दुसऱ्याशी बोलणे पडले म्हणजे तो आधी मोठ्याने हाक मारी, "अमक्या आकड्याचा कोण आहे?" आणि ती हाक अवघ्यांस ऐको जाई, आणि ज्याचा आकडा तो ओ देई. यंत्रे थोडी होती तोवर हे गोड होते. मग यंत्रे वाढली, आणि लग्नघरी सारे बोलतात आणि कोणी ऐकत नाही तैसे जाहले, आणि अर्ज अडकले, आणि हुकूम रेंगाळले, आणि एके वर्षी धरणावरोन पेठेच्या भोंग्यास धाडिलेला इशारा इतका उशिरा पोचला की लोकांस गुडघाभर पाण्यातोन पोरे खांद्यावर घेऊन निघावे लागले. त्या समयीं जीव गेला नाही. देवाने एकदा सांगोन पाहिले, ऐसे म्हणावे. मग महाराजांनी तारखात्याचे कारभारी कोन्हेरपंत यांस बोलावोन आज्ञा केली की, या आवाराचे महाल पाडा, ज्याची हाक त्याच्या महालात राहो, आणि धरणाचा इशारा पेठेत डोळ्याचे पाते लवते न लवते तोंच पोचो.

कोन्हेरपंत मोठे हिशेबी, कामात चोख, बोलण्यात मवाळ. मवाळपणानेच त्यांचा घात केला. त्यांची थोरली बहीण उमाक्का खालच्या पेठेत राहात. आई गेल्यावर याच आक्काने पंतांस न्हाऊ-माखू घालोन वाढविले होते. पुढे आक्कांस वैधव्य आले, आणि त्या नवऱ्याच्या घरात सांडगे-कुरडया करोन पोट भरीत, आणि घराच्या मागील दारी नदी. पंत म्हणत, वर गढीजवळ माझ्याकडे येऊन राहा, आणि आक्का म्हणत, या चुलीवर माझा संसार झाला, ती टाकून कुठे येऊ. महाल पाडण्याचे काम पंतांकडे आले त्या दिवशीं आक्कांनी त्यांस पाटावर बसविले आणि पुसिले, "कोन्हेर, तुझं ते आकड्यांचं मला कळत नाही. पाणी आलं तर मला कळेल का, तेवढं सांग." पंत बोलिले, "आक्का, भोंगा वाजेल. तो वाजला की जिन्नस गोळा करीत बसू नकोस. नेसल्या लुगड्यानिशी टेकडी चढायची." आक्का म्हणाल्या, "आणि नाही वाजला तर?" पंत बोलिले, "नाही वाजला तर पाणी नाही आलं समज. मी बसवतो आहे ना." हे बोलणे वाचकांनी ध्यानी ठेवावे. सेवकाच्या ध्यानातोन ते जात नाही.

मग भर दरबारात पंतांनी भाकरीचा दाखला देवोन मसलत समजाविली. दोनशें छप्पन आकड्यांची एक भाकरी, तिचे चार चतकोर, एकेका चतकोरात चौसष्ट आकडे. पहिला चतकोर दफ्तराचा, दुसरा धरण आणि पाटांचे काम पाहणाऱ्या पाणमहालाचा, तिसरा पाठशाळेचा, चौथा खालच्या पेठेचा. चौसष्टांपैकी पहिला आकडा महालाचेच नाव होय, तो कोणास देता येत नाही. शेवटला दवंडीचा, त्या आकड्यावर बोलावे ते महालात सर्वांस ऐको जाते. आणि एक आकडा वेशीवरील हवालदाराचा, ज्यास राऊटर म्हणती. उरले एकसष्ट. हे ऐकोन दरबारात गलका जाहला की, दर महाली दोन आकडे फुकट का जावे, आमच्या वाट्याचे ते आम्हांस द्यावे, आणि दोन प्रहर त्यावर भांडण चालले. जेथे एकसष्टांपैकी चाळीस आकड्यांसही यंत्रे नव्हती तेथे दोहोंसाठी पागोटी सुटली, आणि महाराज मध्येच झोपी गेले. अखेर पंतांनी हात जोडोन सर्वांस शांत केले आणि मुखवट्याची गोष्ट सांगितली. हरएक यंत्रास एक सबनेट मास्क असतो, त्यास आम्ही मुखवटा म्हणतो. त्यातोन पाहोन यंत्र ठरविते की समोरचा आकडा आपल्या महालातला की परक्या. आपला असेल तर अंगणात हाक मारावी. परका असेल तर खलिता वेशीवरील हवालदाराच्या हाती द्यावा, तो पुढे पोचवील. मुखवट्याच्या चौथ्या खणात शून्य असेल तर तो पूर्ण मुखवटा, अवघी भाकरी आपली, आणि एकशें ब्याण्णव असेल तर चतकोर आपला. जुने शून्य काढोन सर्व यंत्रांस एकशें ब्याण्णव घालावे, इतुकीच मसलत होती. आणि आषाढमासीं सर्वत्र तैसे घातले, आणि पाणमहालातोन इशारा धाडोन पाहिला, आणि पेठेच्या दीपमाळेवर बसविलेला भोंगा तत्क्षणीं ऐसा वाजला की आक्का पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि शेजारणींस म्हणाल्या, "हा आमच्या कोन्हेरचा आवाज." पंतांच्या आयुष्यात त्याहोन सुखाचा दिवस आला नाही, पुढेही येणार नाही.

मग पाणमहालाचे सरदार सुभानराव यांचे कान कोणी भरले की, आपल्या यंत्रावर चतकोराचा मुखवटा चढविला आहे. सुभानराव वयोवृद्ध, त्यांच्या आजाने धरणाचा पहिला दगड ठेविला, मनुष्य दुष्ट नव्हे, परंतु मानापुढे त्यांस ऊन-पाऊस दिसत नसे. नागपंचमीचे दरबारीं ते उभे राहिले आणि बोलिले, "पंत, चतकोर आम्ही दारच्या भिकाऱ्याला घालतो. आमच्या वडिलांच्या यंत्रावर पूर्ण मुखवटा होता, तो आमच्या हयातीत उतरणार नाही. बाकीच्यांना काय घालायचं ते घाला." पंत बोलिले, "सरदार, मुखवटा मानाचा नाही, नजरेचा आहे. आपल्या यंत्राला पूर्ण मुखवटा ठेवला तर खालची पेठ आपल्याच अंगणात आहे असं त्याला वाटेल. ते अंगणात हाक मारील आणि वेशीवर जाणारच नाही. इशारा जायचा तो त्याच यंत्रातून." सुभानराव म्हणाले, "मग चुकीचं काय वाटेल? पेठ आमच्या धरणाचं पाणी पिते. ती आमच्या अंगणातलीच." दरबार हसला. महाराज बोलिले, "पंत, वडील माणूस आहे. एका शून्याचा तर प्रश्न. राज्य आकड्यांवर चालत नाही, मानावर चालतं." शून्यासाठी रुसणारा सरदार आणि शून्य बहाल करणारा राजा एके ठायीं पाहावयाचे भाग्य आम्हांस लाभले. पंतांनी मान लवविली. मनात म्हणाले की, दसरा होवो, मग गुपचूप एकशें ब्याण्णव घालू, म्हाताऱ्यास काय कळणार. आणि सुभानरावांचे यंत्र गादीवर ठेवोन, भरजरी शेला पांघरोन, वाजतगाजत त्यास पूर्ण मुखवटा चढविला, आणि पेढे वाटले. भोंग्याची चाचणी पुन्हा घ्यावी ऐसे कोणी म्हणाले नाही, कारण चाचणी मागणे तो सरदारांवर अविश्वास जाहला असता.

आणि यात मोठे कपट ऐसे की, यंत्र बिघडले ऐसे कोणास दिसेना. दूरदेशीचे आकडे पहिल्या तीन खणांतच निराळे, पूर्ण मुखवट्यातोनही ते परकेच दिसत, म्हणोन त्यांचे खलिते वेशीवर जात आणि बिनबोभाट पोचत. साता समुद्रापलीकडे सुभानराव पत्र धाडीत आणि घटकेत उत्तर येई. न पोचे ते केवळ शेजारी. तीन कोसांवरील पेठेस ते यंत्र आपल्या अंगणात हाका मारी, आणि अंगणात पेठ नव्हती. परंतु पेठेशी बोलण्याचे कामच कोणास पडले नाही, आणि सुभानराव पंतांस वाटेत गाठोन म्हणत, "काय पंत, बुडालं का जग?" गौरीच्या दिवशीं पंत आक्काकडे जेवावयास गेले. आक्कांनी पुरणाची पोळी वाढली आणि सहज पुसिले, "भोंगा नीट आहे ना रे? फार दिवसांत वाजला नाही." पंत पानाकडे पाहोन बोलिले, "नीट आहे, आक्का." आणि तुपाची धार पुरे म्हणावयाचे विसरले.

पुढे वद्यपक्षीं वरच्या डोंगरात पाऊस बसला तो उठेना, आणि धरण काठोकाठ भरले, आणि दरवाजे न उघडावे तर भिंतच जावी ऐसा प्रसंग आला. दस्तुर ऐसा की, आधी भोंगा, मग एक प्रहर वाट पाहणे, मग दरवाजे. सकाळी कारकुनाने शेला बाजूस सारोन इशारा धाडिला. यंत्राने आपल्या अंगणात हाक मारिली, कोणी ओ दिली नाही. पुन्हा मारिली. कारकून म्हणाला, "सरदार, पेठेतून ओ येत नाही." सुभानराव म्हणाले, "आत्ताच परदेशचं पत्र आलं, तार ठणठणीत आहे. हुकूम गेला तो पोचला. पेठकरी आळशी, उत्तर द्यायला हात उचलत नाहीत." आणि दस्तुराप्रमाणे एक प्रहर पुरा थांबले, पळभर कमी नाही, आणि दरवाजे उघडिले. कोन्हेरपंत दफ्तरी बसले होते. खिडकीतोन त्यांनी नदीचा रंग पाहिला, आणि कान देवोन ऐकिले, आणि भोंगा नव्हता. मग पंत पागोटे टाकोन पाणमहालाकडे धावले, आणि गादीवर चढले, आणि शेला ओढोन काढिला, आणि शून्य पुसोन एकशें ब्याण्णव घातले. सुभानराव उभे होते, त्यांनी हात धरिला नाही. इशारा वेशीवर गेला, हवालदाराने घेतला, पेठेत पोचला, आणि भोंगा वाजला. ऐसा खणखणीत वाजला की टेकडीपलीकडच्या गावीं ऐको गेला. तेव्हां पाणी दीपमाळेच्या कमरेस लागले होते, आणि पेठेत दीपमाळेखेरीज काही दिसत नव्हते.

भागू साळीण म्हणोन आक्कांची शेजारीण, ती तेवढी त्या आळीतोन वाचली. तिने पंतांस टेकडीवर सांगितले ते तिच्याच बोलीने लिहितो. "पाणी मागल्या पायरीला लागलं तवा आमी समदी निघाया उठलो व्हतो. आक्कांनी हात धरून बशिवलं. म्हनल्या, भोंगा न्हाई वाजला अजून. माझ्या कोन्हेरनं बशिवलाय, त्यो वाजल्याबिगर पानी यायाचं न्हाई. उगं पोरं भिजवू नगा. माझी शेळी सुटली व्हती म्हून म्या तिच्या मागं वर आले. बाकीची ऱ्हायली." पंतांनी सर्व ऐकोन घेतले आणि शेळीच्या पाठीवरोन हात फिरवीत बसले.

मग दरबारीं चौकशी जाहली, आणि दोष पावसाचा ठरला. सुभानराव एकवार पंतांच्या दारी आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "पंत, तुम्ही सांगितलं होतं." पंत बोलिले, "एकदाच सांगितलं." म्हातारा तैसाच माघारी गेला आणि पुढे धरणावर दिसला नाही. पंत अद्यापि नित्य कचेरीत येतात, आणि काम मांडण्याआधी पेठेच्या भोंग्याच्या आकड्यास एक हाक मारितात. दीपमाळेवरील यंत्र शाबूत आहे, मुखवटे सारे दुरुस्त आहेत, आणि ओ तत्क्षणीं येते. पंत ती ऐकतात आणि मग काम करितात.

एणेप्रमाणे खालची पेठ बुडाली. तार तुटली नाही, यंत्र बिघडले नाही, दस्तुर चुकला नाही, वडिलांचा मान राहिला. आकडे फुकट जातात म्हणोन दरबार भांडला होता, तरी कळविण्यास हरकत नाही की, चौथ्या महालातील एकसष्टांपैकी भोंग्याचा एक सोडोन बाकी साठ आता मोकळे आहेत. ज्यांस हवे असतील त्यांनी मागोन न्यावे.